लांबी एकीची, रुंदी दुसरीची

न्याय करायला शिक्षण लागत नाही, कायद्याची पुस्तकं लागत नाहीत. समोरच्या दोन्ही पक्षांकडे अगदी सारख्या नजरेनं पाहू शकेल असा माणूस लागतो, आणि असा माणूस क्वचितच जन्माला येतो. या गोष्टीतल्या सासूबाई त्या दुर्मिळ माणसांपैकी होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे थोरली सून आणि धाकटी सून त्यांना सारख्याच दिसत, म्हणजे उजेडात हलणाऱ्या पांढुरक्या डागांसारख्या. कुठला डाग कुणाचा हे त्या आवाजावरून ओळखत, आणि आवाजाची त्या घरात कधी टंचाई नव्हती.

घर रस्त्याला लागून होतं. पुढं एक लांबट खोली, मागं चूल, वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की खोलीतली माणसंही तापत. त्या उन्हाळ्यात तर घरातले दोन्ही पुरुष घरातच होते. कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. पाणी नाही म्हणून शेतं उघडी पडली होती, आणि शेतात काही नाही म्हणून भिंत बांधायची कुणाला ऐपत नव्हती. थोरला गवंडी होता. तो रोज सकाळी थापी आणि ओळंबा पुसून पुन्हा पिशवीत ठेवायचा आणि दिवसभराचं काम उरकल्यासारखा हुश्श करायचा. धाकटा एका बागायतदाराचा पाण्याचा पंप चालवायचा. पंप बंद पडला तसा तोही आडवा पडला. फक्त घोरताना पंप चालू झाल्याचा भास होई.

घर चालत होतं ते तुकड्यांवर. गालिच्यांच्या कारखान्यात मोठे गालिचे कापले की उरलेले तुकडे टेम्पोत भरून एक माणूस वस्तीवर आणून टाकायचा. त्याला सगळे तुकडेवाला म्हणत. कापलेल्या कडेचे धागे सुटतात म्हणून त्या कडेला गोट घालायचा असतो. सुटलेले धागे कात्रीनं छाटायचे, कडेशी जाड दोरी धरायची आणि दाभणात लोकरीचा दोरा ओवून तो दोरीभोवती वळवत गालिच्यातून काढायचा, टाक्याला टाका चिकटवून. सांगायला सोपं आहे. गालिच्याच्या पाठीला सुकलेल्या डिंकाचा थर असतो. दाभण त्यात रुतलं की तळहातानं रेटावं लागतं. थोरलीनं तळहाताला चामड्याचा तुकडा बांधला होता. धाकटीनं काही बांधलं नव्हतं. तिच्या तळहाताच्या मधोमध एक काळं भोक पडलं होतं आणि भाकरी थापताना ती त्या भोकाला शिव्या द्यायची. गालिच्याची लव घशात जायची. खोकला आला की थुंकी त्या दिवशीच्या गालिच्याच्या रंगाची पडायची.

थोरलीला खोकल्याचं नवल नव्हतं. एक हंगाम ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर राहून आली होती. तिथून येताना छातीत धूर घेऊन आली आणि पोटातलं तिथंच ठेवून आली. डोक्यावरून विटा वाहिल्यानं टाळूवरचे केस गेले होते, ते परत उगवले नाहीत, म्हणून ती घरातसुद्धा डोक्याला फडकं बांधायची. गवंडी दिवसातून एकदा तरी म्हणायचा, "हे तुकडे बंद झाले की पुन्हा भट्टी. दुसरं आहे काय?" तो हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. थोरलीचं दाभण मात्र तेवढ्यापुरतं थांबायचं.

धाकटीला भट्टीचं भय नव्हतं. तिला माहेर होतं, आणि ते आहे हे ती कुणाला विसरू देत नव्हती.

दोघी पूर्वी एकाच तुकड्यावर समोरासमोर बसायच्या. मग एके दिवशी तुकडेवाल्यानं एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाला, "ही कड झकास आहे. ही जरा पोट सुटल्यासारखी वाटते."

कुणाची, असं त्यानं विचारलं नव्हतं.

"ती जाऊबाईंची," धाकटी म्हणाली.

"माझ्या कडेचं सुटलंय ना?" थोरली म्हणाली. "बसून खाऊन तर नाही सुटलं कुणाचं."

"कोण बसून खातं?"

"मी कुणाचं नाव घेतलं का? तुलाच बरं झोंबलं!"

त्या दिवसापासून दोघी एका तुकड्यावर बसेनात. तुकडे वाटून घ्यावेत तर तेही जमेना. थोरलीच्या वाट्याला जाड आला की धाकटीनं पातळ आधीच काढून ठेवला असं ठरे. धाकटीच्या वाट्याला मोठा आला की थोरलीनं गठ्ठा फिरवून ठेवला असं ठरे. शेवटी सासूबाईंनी भिंतीला टेकून, पाय पसरून निकाल दिला.

"प्रत्येक तुकड्याला चार कडा. दोन लांब, दोन आखूड. लांबी थोरलीची, रुंदी धाकटीची. एकीनं सकाळी बसायचं, दुसरीनं दुपारी. तोंडं बघायला नको एकमेकींची."

"म्हणजे मला जास्त," थोरली म्हणाली.

"रुंदीच्या कडा जास्त उसवतात, आत्याबाई," धाकटी म्हणाली. "त्यांना काय होतंय, सरळ ओढत जायचं."

दोघीही नाखूश आहेत हे ऐकून सासूबाईंना समाधान वाटलं. निकाल बरोबर असल्याची खूण त्यांच्या लेखी तीच होती.

कोपरा हा लांबीचा शेवट की रुंदीची सुरुवात, हा प्रश्न मात्र त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आला नाही.

सकाळी थोरली दारात बसायची. उजेड तिथंच होता. गुडघ्यावर तुकडा, तोंडात दोऱ्याचं टोक. ती कडेनं सरकत यायची आणि कोपरा दोन बोटांवर आला की गाठ मारून दोरा तोडायची. कोपरा वाईट असतो. तिथं डिंक दोन्ही बाजूंनी ओघळून गोळा झालेला असतो, दाभण वाकतं, टाके पंख्यासारखे पसरून घ्यावे लागतात आणि एवढं करून बघणाऱ्याला काहीच केल्यासारखं दिसत नाही. दुपारी धाकटी बसायची. तीही आपल्या बाजूनं येऊन दोन बोटं आधी थांबायची. मधली जागा पडीक राहायची, भावाभावांच्या भांडणातल्या बांधासारखी.

सासूबाई संध्याकाळी तयार तुकड्यांवरून हात फिरवायच्या.

"इथं मऊ काय लागतंय गं?"

"तिला विचारा," चुलीपाशी बसलेली थोरली म्हणायची.

"त्यांना विचारा," दारातून धाकटी म्हणायची.

सासूबाईंनी विचार करून ठरवलं की हल्ली तशीच पद्धत असावी.

तुकडेवाला घाईत होता. त्यानं गठ्ठा टेम्पोत टाकला आणि निघून गेला. पुढच्या खेपेला मात्र त्यानं नवा गठ्ठा उतरवण्याआधी जुना उतरवला, तोही हातानं नाही, पायानं. तुकडे दारातच पसरले. कोपऱ्याकोपऱ्यातून धागे लोंबत होते.

"हे काय आहे?" त्यानं एक तुकडा कानाला धरल्यासारखा कोपऱ्याला धरून हलवला. "साहेबानं माझ्या तोंडावर फेकले. गालिचा आहे की शेळीची दाढी?"

"माझी रुंदी बघा," धाकटी म्हणाली. "एक टाका इकडं-तिकडं असेल तर सांगा."

"लांबी बघा की," थोरली म्हणाली.

"मी लांबी-रुंदी विकत नाही, बाई. मी तुकडे विकतो. त्याला कोपरे असतात."

"कोपरे वाटणीत नव्हते," धाकटी म्हणाली.

तुकडेवाल्यानं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई त्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघत गंभीरपणे मान हलवत होत्या.

रस्त्यापलीकडं पंक्चरवाली हाताची घडी घालून उभी होती. तिच्या नवऱ्याचं सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान तिथंच, त्यांच्या घराच्या पुढच्या अंगाला होतं. वस्तीतलं कुठलंही भांडण ती पहिल्या शब्दापासून बघायची. तुकडेवाल्यानं तिच्याकडं बोट केलं.

"मी परवा येणार. कोपरे झालेले असले तर ठीक. नाहीतर हा माल त्याच दिवशी समोर. त्या घरात बाई तरी एकच आहे. एकट्या माणसाला वाटणी नसते."

नवा गठ्ठाही दारात टाकून टेम्पो गेला. गवंडी पिशवीशेजारी बसून म्हणाला, "चला. भट्टीवर निरोप धाडतो."

थोरलीनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधलं. मग एकदम नवऱ्यावर उसळली.

"निरोप धाडायला तेवढी जीभ हलते! गवंडी म्हणवता ना? कोपरा कुणाचा ते तरी सांगा!"

गवंड्याला कितीतरी दिवसांनी कुणी कामाबद्दल विचारलं होतं. त्यानं पिशवीतून काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या आणि खडू काढला.

"कोपरा म्हणजे काटकोन," तो म्हणाला. "काटकोनाचे दोन सारखे भाग करायचे. अर्धा हिचा, अर्धा तिचा. यात भांडायचं काय?"

त्यानं तुकडा जमिनीवर पसरला, गुण्या लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा काटकोन नाही."

"मग?" धाकटी म्हणाली.

"मग आधी काटकोनात आणला पाहिजे."

कुणी काही बोलायच्या आत त्यानं कात्री घेतली आणि कोपऱ्याजवळून एक पाचर कापून काढली. थोरलीच्या कडेची गाठ पाचरीबरोबर गेली. दोरा सुटला आणि टाके एकामागून एक सैल पडत गेले. ती कड थोरलीनं उभी सकाळ घालून केली होती.

भिंतीशी आडवा पडलेला धाकटा एवढ्याकरता उठून बसला. "दादा, भिंत पाडलीस की!"

"पंप बंद पडलेल्यानं बोलू नये."

"बंद पंप कुणाचं घर तर पाडत नाही."

गवंड्यानं गुण्या फेकला. तो धाकट्याला लागला नाही, पाण्याच्या हंड्याला लागला. हंड्याला पोचा पडला. धाकटा उठला आणि त्यानं थोरल्याला गळ्याशी धरलं. थोरल्यानं त्याचं मनगट धरलं. दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले, कारण एवढ्या दिवसांच्या बसण्यानं कुणाच्याच अंगात पुढचं करायची ताकद नव्हती. मग धाकटा म्हणाला, "सोड, माझं मनगट दुखतंय." थोरल्यानं सोडलं. पलीकडून पंक्चरवालीचं हसू ऐकू आलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजमाप झालं," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरली दारात बसली. तिनं कोपरे घ्यायला सुरुवात केली. सगळे कोपरे, चारही, प्रत्येक तुकड्याचे. धाकटी दात घासत बाहेर आली, चूळ भरली आणि बघत उभी राहिली.

"अगंबाई! भट्टीची धग इथपर्यंत आली वाटतं."

थोरलीनं दाभण रेटलं. ते डिंकात वाकलं. तिनं ते दाताखाली धरून सरळ केलं.

"नाही, घ्या की," धाकटी म्हणाली. "चांगले घ्या. आम्हांला काय, कुणी आपण होऊन वाकलं तर आम्ही का आडवं यावं?"

थोरलीला पहिल्यांदाच कळलं की मागाहून घेतलेला कोपरा पक्का बसायला शेजारच्या कडेचे चार टाके उसवून दोरा तिथून मुरवत आणावा लागतो. शेजारची कड धाकटीची होती. तिनं चार टाके उसवले. मग धाकटीचं बोलणं आठवलं आणि आणखी चार उसवले. पुढच्या कोपऱ्याला ते आठवावं लागलं नाही. कात्रीचं टोक टाक्याखाली गेलं की टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज तिला बरा वाटायला लागला.

दुपारी धाकटी बसायला आली तेव्हा तिच्या रुंदीच्या कडा दोन्ही टोकांनी वीतभर खाल्लेल्या होत्या. तिनं तुकडा उलटा-सुलटा करून बघितला, थोरली मागं चुलीपाशी खोकते आहे याची खात्री करून घेतली आणि थोरलीच्या लांबीच्या कडेखाली कात्री घातली. कोपऱ्यांना तिनं हात लावला नाही. कोपरे तिच्या वाटणीत नव्हते.

संध्याकाळी थोरलीनं लांबीच्या कडा बघितल्या. उरलेल्या रुंदीकडं बघितलं. कात्री शोधली. ती मिळाली नाही, म्हणून दातांनी सुरुवात केली.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. दोऱ्याची सरसर, दोघींपैकी एकीचा सतत चालणारा श्वास, आणि बोलणं मात्र नाही. त्या घरात इतकी शांतता कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

"बघितलंस?" त्या गवंड्याला म्हणाल्या. "वाटणी लागली की माणसं कामाला लागतात."

परवाच्या दिवशी तुकडेवाला आला. टेम्पो चालूच ठेवून उतरला आणि वरचा तुकडा उचलला. मग खालचा उचलला. मग त्यानं टेम्पो बंद केला.

कोपरे देखणे होते. पंख्यासारखे पसरलेले, घट्ट, एकसारखे टाके. प्रत्येक तुकड्याला असे चार कोपरे होते आणि बाकी काही नव्हतं. लांबीला धागे लोंबत होते, रुंदीला धागे लोंबत होते, गोटाची दोरी आतड्यासारखी बाहेर आली होती.

"हे काय?"

"कोपरे," थोरली म्हणाली.

"ते दिसलं. बाकीचं कुठं गेलं?"

थोरलीनं धाकटीकडं बोट केलं. धाकटीनं थोरलीकडं बोट केलं.

"काम जोरात चाललं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वतः ऐकलंय."

तुकडेवाला संतापला असता तर बरं झालं असतं. दोन्ही गठ्ठे, जुना आणि हात न लावलेला नवा, त्यानं खांद्यावर टाकले आणि रस्ता ओलांडून पंक्चरवालीच्या दारात ठेवले. परत येऊन दोरीचं बंडल नेलं, लोकरीच्या लडी नेल्या. दाभणं तेवढी राहिली, कारण ती दोघींनी मुठीत धरली होती.

"चला," गवंडी म्हणाला.

या वेळी ते हवापाण्याचं बोलणं नव्हतं. तो उठून भट्टीच्या मुकादमाला निरोप द्यायला गेलासुद्धा. थोरली मागं गेली. तिनं एक तवा, एक पातेलं आणि दोन ताटल्या वेगळ्या काढल्या. घोंगडी झटकली. झटकता झटकता खोकला आला आणि ती घोंगडीवरच बसली, दोन्ही हात पोटाशी धरून. दारातून धाकटी बघत होती.

"पोचा पडलेला हंडा न्या हो जाऊबाई," ती म्हणाली. "चांगला इथं राहू द्या."

थोरली तव्याची काजळी नखानं खरवडत बसली.

तेवढ्यात पंक्चरवाली रस्ता ओलांडून आली. उंबऱ्याशी थांबून तिनं दोघींना नीट बघून घेतलं, बाजारात शेंगा बघाव्या तशा.

"मला शिवता येत नाही," ती म्हणाली.

"मग घेतलंस कशाला?" धाकटी म्हणाली.

"तुम्हांला येतं म्हणून. माझ्या घरी बसायचं. एकीनं लांबी, एकीनं रुंदी, तुमचं ठरलेलंच आहे. मजुरीतली निम्मी माझी."

"निम्मी? काय म्हणून?"

"जागेची. शिवाय मी तुमच्या दोघींच्या मध्ये बसणार, त्याचं वेगळं घेत नाही."

"आम्ही पंक्चरवाल्याच्या घरी मजुरीला?" धाकटीनं हात कमरेवर ठेवले. "माझ्या माहेरी कळलं तर—"

"तू नको येऊस," पंक्चरवाली म्हणाली. "ती येतेय."

थोरली चामड्याचा तुकडा तळहाताला बांधत होती. एका हातानं गाठ बसेना म्हणून दात लावले होते.

धाकटीनं क्षणभर विचार केला. ती गेली नाही तर रुंदीही थोरलीलाच मिळेल, हे तिला माहेरच्या अब्रूपेक्षा जास्त लागलं. तिनं चप्पल घातली.

"अहो मावशी," पंक्चरवाली जाता जाता सासूबाईंना म्हणाली, "तुमची वाटणी मी मोडत नाही हं."

"मोडण्यासारखी नाहीच ती," सासूबाई म्हणाल्या.

पंक्चरवालीची खोली यांच्या खोलीपेक्षा लहान होती आणि तीही पत्र्याचीच होती. भिंतीवर खिळ्यांना ट्यूब लोंबत होत्या, खाली टायर रचले होते, आणि रबराच्या वासानं डोकं भणभणत होतं. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. मधे पंक्चरवाली बसणार होती, पण तेवढी जागा नव्हती. गवंडी मुकादमाकडून परत आला तेव्हा घरात तवा, पातेलं आणि ताटल्या तशाच मांडून ठेवलेल्या दिसल्या आणि बायको दिसली नाही. समोरच्या दारातून तिचा खोकला ऐकू आला. तो पिशवीशेजारी बसला.

संध्याकाळ होईपर्यंत नव्या गठ्ठ्यातल्या पहिल्या तुकड्याच्या चारही कडा झाल्या. थोरली कोपऱ्यापासून दोन बोटांवर थांबली आणि गाठ मारली. धाकटी दोन बोटांवर थांबली आणि गाठ मारली.

"कोपरा?" पंक्चरवालीनं विचारलं.

"माझा नाही," थोरली म्हणाली.

"माझाही नाही," धाकटी म्हणाली.

पंक्चरवाली उठली. बाहेर जाऊन नवऱ्याच्या पेटीतून पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब घेऊन आली. कोपऱ्यावर थेंबभर पिळलं, सुटलेले धागे अंगठ्यानं आत दाबले, दोन फुंकरा मारल्या आणि वर एक दगड ठेवला.

तेव्हापासून सगळे कोपरे ती तसेच करते. कारखान्यातून अजून एकही तुकडा परत आलेला नाही.